आमच्या वायफायमधले पाच चोर

हे मी आजवर आपणहून फक्त दोघींना सांगितलंय, आणि त्या दोघी आमच्याच सोसायटीतल्या असल्यामुळे त्यांना ते आधीच माहीत होतं. तुम्ही बाहेरच्या, त्यामुळे तुम्हाला पहिल्यापासून सांगायला लागणार. चहा ओतून घ्या आधी. आणि मध्येच हसलात तरी चालेल, पण माझ्याकडे बघून हसू नका. मला अजून सहन होत नाही.

आम्ही राहतो बोरीवली पूर्वेला. सात मजल्यांची बिल्डिंग, बी विंग, दुसरा मजला. घरात मी आणि माझा नवरा प्रकाश. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी बँकेतून निवृत्त झाले, प्रकाशची नोकरी अजून दोन वर्षं आहे. तो बोलतो कमी. त्याच्या वाटचंही मीच बोलते.

आमच्या भिंतीला भिंत लागून परबवहिनी. मूळच्या मालवणकडच्या, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची मुलगी मानसी घरूनच मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. पोरगी हुशार, शांत. वहिनी तोंडाने फटकळ, पण ताट झाकून घेऊन येणाऱ्या. बांगडा तळला की आमच्याकडे दोन तुकडे यायचेच. आमच्या दोन घरांत बेल वाजवायची पद्धत नाही, हाक मारायची आणि आत शिरायचं.

तर एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका तरुण बाईंचं भाषण होतं. विषय होता घरचं वायफाय सुरक्षित कसं ठेवावं. पंधरा-वीस जण आले होते, त्यातले बरेचसे बटाटेवड्यासाठी. मी मात्र वही घेऊन गेले होते. बँकेत माझ्याकडे बरीच वर्षं लॉकर विभाग होता. कुलूप, किल्ली, सही, रजिस्टर, हे माझ्या अंगात भिनलेलं. त्या बाई म्हणाल्या की घराच्या दाराला आपण तीन कड्या लावतो आणि वायफायचा दरवाजा सताड उघडा ठेवतो. मला ते इतकं लागलं की मी ते दोनदा अधोरेखित केलं.

मग त्यांनी सांगितलं, राउटर म्हणजे तो भिंतीवरचा डबा, त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. वायफायचं नाव बदला. आपल्या वायफायला कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी बघा. अनोळखी दिसेल त्याला बंद करा. मी सगळं लिहून घेतलं, क्रमाने. वडा न खाता घरी आले.

प्रकाश जेवून आडवा झाला होता. मी टॅब घेऊन बसले. आमचा डबा टीव्हीच्या कपाटामागे, पाठ भिंतीकडे. मोबाइलने मागच्या लेबलचा फोटो काढला. त्यावर एक आकड्यांचा पत्ता होता, तो टॅबवर टाकला तर लगेच पान उघडलं. नाव विचारलं, पासवर्ड विचारला. लेबलवर दोन्हीला एकच शब्द छापलेला होता, तोच टाकला आणि मी आत.

विचार करा. इतका सोपा. कुणीही परका माणूस घरबसल्या आत शिरू शकला असता. माझ्या अंगावर काटा आला. प्रकाशला हलवून उठवलं आणि सांगितलं, तर तो म्हणाला, बरं, आता झोपू का.

यादी उघडली. नऊ उपकरणं. मी बोटांवर मोजली. माझा फोन, प्रकाशचा फोन, टॅब, टीव्ही. चार. उरली पाच. दोन फोन, एक लॅपटॉप, एक दुसरा टीव्ही आणि एक असं काहीतरी, ज्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे.

म्हणजे कुणीतरी आमच्या वायफायवर टीव्ही बघत होतं. आरामात, पाय पसरून.

प्रकाश आता उठून बसला होता. तो म्हणाला, "आधी जरा आजूबाजूला विचारूया ना. एखाद्या पाहुण्याला दिला असशील पासवर्ड." मी म्हटलं की चोराला विचारून कुणी कुलूप बदलतं का. आणि एकेक करून पाचही जणांना बंद केलं. प्रत्येक वेळी ते पान विचारायचं, नक्की ना? मी म्हणायचे, नक्की.

मग पासवर्ड बदलला. सोळा अक्षरी. मग वायफायचं नाव. भाषणात त्यांनी सांगितलं होतं की आपलं नाव किंवा फ्लॅट नंबर नावात घालू नका. मी नाव ठेवलं ‘चोर सापडला’. इंग्रजी अक्षरांत. म्हणजे आसपास कुणीही फोन उघडला की यादीत सगळ्यात वर हेच दिसणार. मला त्या वेळी ते फार हुशारीचं वाटलं होतं. आता सांगतानासुद्धा तोंड लपवावंसं वाटतं.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. तो मला पाठ आहे, कारण नंतर तो मला बऱ्याच जणांनी म्हणून दाखवला. ‘आपल्याच विंगमधील काही सुशिक्षित मंडळी अनेक महिने आमचे वायफाय चोरून वापरत होती. पाचही उपकरणे आज बंद करण्यात आली आहेत. दुसऱ्याच्या नेटवर टीव्ही बघताना थोडी तरी लाज वाटायला हवी होती.’

अंगठ्यांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, नाव जाहीर करा. मी उत्तर दिलं, योग्य वेळी.

सोमवारी सकाळी परबवहिनी दूध घ्यायला बाहेर आल्या, तर चेहरा पडलेला. म्हणाल्या, कालपासून आमचं नेट गेलंय, मानसीचे दोन क्लास बुडाले. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो डबा बंद करून चालू करा. डब्यावर दिवे सगळे लागतात, पण फोनला काही म्हणून मिळत नाही.

मी त्यांना म्हटलं, वहिनी, तुम्ही सुरक्षिततेकडे लक्ष देत नाही. भाषणालासुद्धा आला नाहीत. त्या म्हणाल्या, "अगो, माका त्यातला काय कळतां? तू बघ गो जरा."

मी बघते म्हटलं. आणि बघितलं नाही. कारण मला सोसायटीतल्या चोराचा तपास करायचा होता.

दुपारी वहिनींनी त्यांचा डबा बंद करून चालू केला. नेमकं त्याच वेळी आमचंही नेट दोन मिनिटं गेलं. माझा संशय पक्का झाला. संध्याकाळी प्रकाश घरात पाय ठेवतोय तोच मी त्याला सांगितलं की चोराने आज परत आत घुसायचा प्रयत्न केला, पण माझ्या पासवर्डपुढे त्याचं काही चाललं नाही. लगेच सोळाची वीस अक्षरं केली. मंगळवारी केबलवाल्याने वहिनींना पुन्हा डबा बंद-चालू करायला सांगितला. आमचं नेट पुन्हा गेलं. मी वीसची चोवीस केली. बिचाऱ्या प्रकाशला रोज ऑफिसमधून आल्यावर आधी पासवर्ड टाकायला लागायचा, मग चहा मिळायचा.

बुधवारी मानसीची मुलाखत होती. एका मोठ्या शिकवणी कंपनीत, कायमची नोकरी. पहिल्या दोन फेऱ्या तिने पार केल्या होत्या, ही शेवटची. व्हिडिओवर धडा शिकवून दाखवायचा होता आणि तिने त्यासाठी आठवडाभर खपून लॅपटॉपवर आकृत्या तयार केल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाइलची रेंज म्हणजे खिडकीच्या गजाला फोन टेकवला तर. त्यामुळे वहिनी तिला घेऊन आमच्याकडे आल्या. अकराची मुलाखत, पावणेअकरा वाजलेले. मानसीने छान फिकट निळा कुर्ता घातला होता, केस घट्ट बांधलेले. वहिनी म्हणाल्या, तासभर तुमचं नेट वापरू दे गो हिला.

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आपण आपली वस्तू नीट सांभाळली, म्हणून आज दुसऱ्याच्या उपयोगी पडतोय, असं काहीतरी उदात्त वाटलं. मी वही उघडून चोवीस अक्षरं वाचून दाखवली. मानसीने ती टाकली. जोडलं जाईना. परत टाकली. जोडलं जाईना. मी स्वतः टाकली. तरी नाही. मग तिने फोनवर प्रयत्न केला. फोनही नाही.

आता यावर साध्या माणसाने काय विचार केला असता? मी मानसीला गंभीरपणे सांगितलं की तुझ्या दोन्ही उपकरणांत काहीतरी बिघाड आहे. बहुतेक व्हायरस. माझं वायफाय इतकं सुरक्षित आहे की ते बिघडलेलं उपकरण आत घेतच नाही.

ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण काकू, शनिवारी रात्री तर माझा लॅपटॉप नीट चालला होता."

मी म्हटलं, आजार असाच अचानक येतो.

शेवटी माझा टॅब दिला. तो उभा राहीना, म्हणून तूरडाळीच्या आणि पोह्यांच्या डब्यांना टेकवून ठेवला. आकृत्या सगळ्या लॅपटॉपमध्ये. मानसीने कागदावर पेनाने आकृत्या काढून त्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात श्वास रोखून बसलो होतो. आतून तिचा आवाज यायचा, सॉरी सर, दिसतंय का सर, थोडं जवळ धरू का. एकदा टॅब घसरून पडला आणि मुलाखत घेणाऱ्यांना काही क्षण आमचा पंखा दिसला.

बाहेर आली तेव्हा ती रडली वगैरे नाही. फक्त म्हणाली, बरी झाली. वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की तू होतीस म्हणून एवढं तरी झालं. संध्याकाळी वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पाठवलं. मी ते खाल्लं. चवीने खाल्लं.

लॅपटॉप मात्र माझ्या सल्ल्याने स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्याने तो ठेवून घेतला, उघडून बघायला लागेल म्हणाला.

आता वरच्या मजल्याचं सांगते. हे सांगायला सगळ्यात जड जातं.

आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर अनिकेत नावाचा एक मुलगा भाड्याने राहतो. तिशीच्या आतला, सांगलीचा. दिवसभर घरूनच काम करतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. लिफ्टमध्ये भेटला की नमस्कार काकू म्हणायचा, माझ्या हातातली पिशवी घ्यायचा. सेक्रेटरींनी मला खाली गाठून विचारलं, तुमचा संशय कुणावर आहे? मी शपथेवर सांगते, मी नाव घेतलं नाही. मी फक्त वर बघितलं.

तेवढ्याने काम झालं. त्याचं ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपत होतं. सेक्रेटरींनी फ्लॅटच्या मालकाला फोन केला की जरा विचार करा, तक्रार आहे.

गुरुवारी संध्याकाळी अनिकेत आमच्या दारात उभा. हातात स्वतःच्या इंटरनेट कनेक्शनचा कागद. म्हणाला, "काकू, माझं वेगळं कनेक्शन आहे, वेगळ्या कंपनीचं. हवं तर वर येऊन बघा. मला इथून काढलं तर या एरियात एकट्या माणसाला लगेच जागा मिळत नाही."

मी म्हटलं, मी कुठे कुणाचं नाव घेतलंय. तो म्हणाला, तेच तर, तुम्ही नाव घेतलं असतंत तर मला उत्तर तरी देता आलं असतं. आणि जिना चढून गेला. लिफ्ट उभी होती तरी.

प्रकाश पेपर वाचत होता, त्याने सगळं ऐकलं. पेपर खाली न घेता म्हणाला की हा मुलगा चोर नाही. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, तोंडावरून. मी म्हटलं, बँकेत मी अशी बरीच तोंडं बघितली आहेत. पण खरं सांगू का, त्या रात्री माझं जेवणात लक्ष नव्हतं. एक बारीक कुसळ टोचल्यासारखं झालं होतं, आणि मी ते मुद्दाम बघत नव्हते.

शनिवारी दुपारी केबलवाल्याचा माणूस एकदाचा वहिनींकडे आला. चाळिशीचा, शांत, खांद्याला बॅग. प्रकाश घरीच होता. वहिनींनी भिंतीपलीकडून हाक मारली आणि मी वही घेऊन गेले. म्हटलं, माणूस काय करतो त्यावर लक्ष ठेवायला कुणी जाणतं हवं.

त्यांचा डबा बरोबर आमच्या भिंतीला लागून, देव्हाऱ्याच्या शेजारी खिळ्याला लटकवलेला. त्याने दिवे बघितले, वायर तपासली. म्हणाला, लाइन एकदम ठीक आहे. मग स्वतःचा फोन काढून डब्याजवळ धरला आणि विचारलं, "तुमच्या वायफायचं नाव काय?"

मानसीने नाव सांगितलं. तो म्हणाला, ते तर दिसतच नाही. इथे सगळ्यात जोरात येतंय ते ‘चोर सापडला’.

मी म्हटलं, ते आमचं. आणि थोडं हसूनसुद्धा सांगितलं की त्या नावाला एक इतिहास आहे.

त्याने हात लांब करून वहिनींच्या डब्याची पिन काढली. फोनकडे बघितलं. मग फोन आमच्याकडे वळवला. यादीतून ‘चोर सापडला’ गायब. भिंतीपलीकडून प्रकाशचा आवाज आला, शुभदा, नेट गेलं गं.

त्याने पिन परत लावली. आम्ही चौघं त्या फोनकडे बघत उभे. मिनिटभराने ‘चोर सापडला’ परत आलं, सगळ्यात वर.

"मॅडम," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे वायफाय यांचं आहे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, असं कसं होईल, मी स्वतः पासवर्ड बदललाय. तो म्हणाला, "हो, तुम्हीच बदललाय. यांच्या डब्याचा."

मग त्याने समजावून सांगितलं. दोन्ही घरांत त्याच्याच कंपनीने दिलेले एकसारखे डबे. मागच्या लेबलवर तोच पत्ता, आत शिरायचा तोच शब्द. वायफायचं नावसुद्धा सारखंच होतं, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. टॅब ज्या वायफायला जोडलेला असेल त्याचं पान उघडतं. आणि आमचा टॅब, आमचे फोन, आमचा टीव्ही वहिनींच्या वायफायला जोडलेले होते.

मग मला आठवलं. गेल्या गणपतीत आमचं नेट चार दिवस बंद होतं. वहिनींनी आपणहून पासवर्ड दिला होता. म्हणाल्या होत्या, आरती लावायला तुला लागेल. आमच्या सगळ्या वस्तू तेव्हा त्यांच्या नेटला जोडल्या, त्या तशाच राहिल्या.

तो माणूस आमच्याकडे आला. टीव्हीचं कपाट पुढे ओढलं. आमच्या डब्यावर एकही दिवा नव्हता. त्याची पिनच बोर्डात नव्हती. त्या जागी एक लांब पांढरी वायर होती, खिडकीपर्यंत गेलेली. प्रकाशने ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, ही आकाशकंदिलाची. दिवाळीपासून तशीच होती. कंदील उतरवून माळ्यावर ठेवला, वायर राहिली. आणि आता आंब्याचा सीझनही संपत आला होता.

म्हणजे हिशेब तुम्हीच करा. गणपतीपासून आम्ही वहिनींच्या नेटवर टीव्ही बघत होतो. आरामात, पाय पसरून. आणि मी त्यांच्याच वायफायमध्ये शिरून, त्यांना बाहेर काढून, आतून कडी घालून घेतली होती. पाच चोर म्हणजे वहिनींचा फोन, मानसीचा फोन, मानसीचा लॅपटॉप, त्यांचा टीव्ही आणि मानसीचा प्रिंटर.

मी वहिनींच्या घरात परत गेले. माझ्या हातात ती वही अजून उघडीच होती.

मानसीने हळू आवाजात विचारलं, "काकू, म्हणजे त्या दिवशी माझा लॅपटॉप बिघडलेला नव्हता?"

मी मान हलवली. नव्हता. मीच त्याला बंद केलं होतं, तीन दिवस आधी. नक्की ना विचारलं होतं, तेव्हा नक्की म्हणून.

ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने ते नीट लावून घेतलं.

वहिनी देव्हाऱ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. मला वाटलं आता शिव्या घालतील, मालवणीत घालतील, आणि मी त्या मुकाट्याने ऐकून घ्यायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "शुभदा, माका एक सांग. तो ग्रुपवरचो मेसेज… मी पण त्याका अंगठो दिलेलंय गो."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. मी तिथेच खाली बसून रडले. केबलवाल्या माणसाने हळूच बॅग उचलली आणि दोन्ही डबे व्यवस्थित करून देतो म्हणून बाहेर सटकला.

घरी येऊन मी ग्रुपवर माफीचा मेसेज लिहायला घेतला. ‘काही तांत्रिक कारणांमुळे निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी’ असं छान जमत आलं होतं. प्रकाशने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "चोर तू होतीस, हे यात कुठे लिहिलंय?"

मग तेही लिहिलं. सरळ लिहिलं. परबांचं वायफाय मी वापरत होते, त्यांना मीच बाहेर काढलं, तिसऱ्या मजल्यावरच्या अनिकेतचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी मीच. या मेसेजला एकही अंगठा आला नाही. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र दिसत होत्या.

सेक्रेटरींना सांगून फ्लॅटच्या मालकाला मी स्वतः फोन केला. मग तिसऱ्या मजल्यावर गेले. अनिकेतने दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मी दहा मिनिटं बोलत होते. तो म्हणाला, ठीक आहे काकू. आत या म्हणाला नाही. त्याचं ॲग्रीमेंट वाढलं, तो अजून तिथेच राहतो. लिफ्टमध्ये भेटला की नमस्कार म्हणतो, पण मग मजला येईपर्यंत मोबाइलमध्ये बघतो. त्याचं काही चुकत नाही.

मानसीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच आली आणि म्हणाली की कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही, पण धडा नीट दाखवता आला नाही याचं कारण त्यांना कळवायचंय. तुम्ही लिहून द्याल का? मी रात्र जागून, म्हणजे साडेदहापर्यंत, बँकेच्या इंग्रजीत पत्र लिहिलं. मी, खाली सही करणारी, याद्वारे कबूल करते की उमेदवाराचा लॅपटॉप, फोन, प्रिंटर आणि टीव्ही मी स्वहस्ते बंद केले होते. सही, पत्ता, फोन नंबर, सगळं. प्रकाश म्हणाला, अंगठा पण उठव.

त्यांनी तिला परत बोलावलं. या वेळी तिच्या घरून, दुरुस्तीवाल्याकडून परत आणलेल्या तिच्या लॅपटॉपवर, तिच्या आकृत्यांसकट मुलाखत झाली. मी माझ्या घरात बसून होते आणि त्या तासाभरात मिक्सरसुद्धा लावला नाही, काही बिघडायला नको म्हणून. तिला नोकरी मिळाली. मानसी सांगते की मुलाखतीच्या शेवटी त्यातल्या वरिष्ठ बाईंनी तिला एकच प्रश्न खासगी म्हणून विचारला. त्या शेजारच्या बाई अजून तिथेच राहतात का?

राहते. तिथेच राहते.

आमचं नेट आता आमच्या डब्यावर चालतं. दोन्ही घरांचे नवे पासवर्ड मानसीनेच ठेवले, आमचा तिने प्रकाशला सांगितला. मी प्रकाशला विचारला तर तो म्हणाला, तुला काय करायचाय. मागच्या आठवड्यात माझ्या टॅबचं नेट गेलं, प्रकाश ऑफिसमध्ये, मुलीला व्हिडिओ कॉल करायचा होता. म्हणून मानसीला हाक मारली. ती लगेच आली, टॅब मांडीवर घेऊन बसली, पान उघडलं. मग बोटं थांबवून अगदी प्रेमाने म्हणाली,

"काकू, जरा भिंतीकडे तोंड करता का?"

मी केलं.